'डार्क साइड' आणि 'ओके कॉम्प्युटर': तुलना करायचीच तर आधी आवाज सारखा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजच्या म्युझिक क्लबसाठी दीड तासाचं श्रवणसत्र घ्यायचंय, आणि त्यात पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) आणि रेडिओहेड या दुसऱ्या ब्रिटिश बँडचा 'ओके कॉम्प्युटर' (१९९७) शेजारी शेजारी ठेवायचेत. मित्र म्हणतो, रेडिओहेड म्हणजे नव्वदीतला पिंक फ्लॉइडच. तुम्हाला स्वतःला पहिला अल्बम 'छान, पण मऊ, जुन्या वळणाचा, हाताने वाजवलेला' वाटतो आणि दुसरा 'जास्त दमदार, मशीनी'. मग तुलना नेमकी कशाची करायची?

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत मिक्सिंग-मास्टरिंग (ध्वनिमुद्रित आवाज एकत्र बसवणं आणि त्यांच्यावर शेवटचा हात फिरवणं) करतो आणि शिकायला येणाऱ्या मुलांना हे दोन अल्बम बऱ्याचदा एकापाठोपाठ ऐकवतो. त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच सांगून ठेवतो.

कोणता चांगला, हे तुम्ही विचारलेलं नाही, ते बरं झालं. तुमची खरी अडचण वेगळी आहे. दोन्हींत २४ वर्षांचं अंतर आहे. कानाला जो फरक जाणवतो त्यातला किती त्या बँडच्या डोक्यातून आलाय आणि किती त्या काळाच्या टेपमधून, तबकडीतून, सीडीतून आलाय, हे वेगळं काढता येत नाहीये. 'मऊ' आणि 'दमदार' ही तुमची दोन विशेषणं बहुतेक दुसऱ्या खात्यातली आहेत.

बहुतेक म्हणतोय, कारण तुम्ही कोणती आवृत्ती कशावर ऐकलीत यावर बरंच काही ठरतं. 'डार्क साइड' मुळात एलपीसाठी, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या तबकडीसाठी तयार झाला. नंतर त्याचे सीडीसाठी, सराउंडसाठी, वर्धापनदिनांसाठी वेगवेगळे रीमास्टर (पुन्हा मास्टरिंग केलेल्या आवृत्त्या) आले. २०२३ मध्ये तर बँडचा जुना बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सने अख्खा अल्बम स्वतः नव्याने ध्वनिमुद्रित केला, तो चुकून लावला तर सगळं मुसळ केरात. 'ओके कॉम्प्युटर' आला तेव्हा सीडीचं राज्य होतं आणि रॉकच्या सीडी एकमेकांपेक्षा जोरात वाजाव्यात म्हणून मास्टरिंगमध्ये चढाओढ चालू होती. आता माणसाच्या कानाची एक खोड आहे: तीच गोष्ट एखाद-दोन डेसिबलने वर वाजवली की आपल्याला ती मोठी वाटत नाही, चांगली वाटते. जास्त भरीव, जास्त स्पष्ट, तुमच्या शब्दांत दमदार. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला खूश करायची ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

म्हणून माझ्याकडे पहिला नियम हा: दोन्ही अल्बमच्या फाइली लाउडनेस मीटरवर घालायच्या आणि जो जोरात आहे त्याची पातळी खाली आणायची. हळू असलेला वर खेचायचा नाही, त्यात आवाज फाटण्याची भीती असते. मीटर फुकट मिळतात. तेवढा खटाटोप नको असेल तर स्ट्रीमिंग ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय चालू करा. मात्र तिथेच गाण्यांत गाणी मिसळण्याची सोय असते, ती बंद करा, आणि दोन ट्रॅकमध्ये फट पडणार नाही हे बघा. 'डार्क साइड'मध्ये एक गाणं दुसऱ्यात कसं शिरतं हे टेपवर हाताने ठरवलेलं आहे. तिथे ॲपने आपली अक्कल चालवली तर तुम्ही ऐकताय तो अल्बम राहत नाही.

पातळी सारखी केल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. 'मऊ' हा शब्द निम्म्या जणांच्या तोंडून गळून जातो. त्याऐवजी दिसतं ते असं, की 'डार्क साइड'मध्ये हळू आणि जोरात यांतलं अंतर फार मोठं आहे. सुरुवातीचे हृदयाचे ठोके इतके बारीक आहेत, की सत्रात मागच्या रांगेतून कोणीतरी 'आवाज वाढव' असं ओरडणारच. वाढवू नका. 'टाइम'च्या सुरुवातीला घड्याळं एकदम ठणाणली, की तोच माणूस कानांवर हात ठेवेल.

आता 'हाताने वाजवलेला' आणि 'मशीनी' यांच्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चविष्ट भाग हा आहे आणि इथे प्रकरण तुम्ही समजता त्याच्या उलटं आहे.

'डार्क साइड' लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९७२ च्या मध्यापासून १९७३ च्या सुरुवातीपर्यंत ध्वनिमुद्रित झाला, ॲलन पार्सन्स इंजिनिअर होता. हातात १६ ट्रॅकची टेप. 'मनी'च्या सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं मशीन असे आवाज सात मात्रांत फिरतात. ते आज लॅपटॉपवर पाच मिनिटांचं काम आहे. तेव्हा टेपचे तुकडे पट्टीने मोजून, कापून, चिकटवून त्याचं कडं करावं लागलं आणि ते मशीनवर फिरवत ठेवावं लागलं. 'ऑन द रन' आधीच्या मैफिलींत गिटारचा मोकळा जॅम होता. स्टुडिओत त्याच्या जागी ईएमएस कंपनीचा सिंथेसायझर आला, त्याच्या सिक्वेन्सरमध्ये (स्वरांचा क्रम आपोआप वाजवणाऱ्या भागात) आठ स्वर भरले आणि वेग वाढवून ते फिरवत ठेवले. म्हणजे १९७३ मध्ये हा बँड आपल्या गिटारवादकाला बाजूला बसवून मशीनला पुढे करत होता.

आणि 'ओके कॉम्प्युटर'? नावात कॉम्प्युटर. निर्माता नायजेल गॉडरिच आणि बँडने तो ऑक्सफर्डशायरमधल्या डिडकॉटजवळच्या स्वतःच्या शेडमध्ये आणि नंतर बाथजवळच्या सेंट कॅथरीन्स कोर्ट या जुन्या वाड्यात केला. वाडा तेव्हा अभिनेत्री जेन सीमोरच्या मालकीचा होता. बरीचशी गाणी पाच जणांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. 'एक्झिट म्युझिक'मध्ये गळ्याभोवती जी पोकळी ऐकू येते ती एखाद्या यंत्राची करामत नाही, गायक थॉम यॉर्क वाड्याच्या दगडी जिन्यात उभा राहून गायलाय. ठळक अपवाद 'एअरबॅग'चा. तिथे फिल सेलवेच्या ड्रमचा काही सेकंदांचा तुकडा मॅकिंटॉश संगणकावर घेऊन कापला-जोडला, ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून संगीत करणाऱ्या डीजे शॅडोच्या पद्धतीने. पण बाकी अल्बमचा कणा जिवंत वादनाचाच आहे. थोडक्यात, मशीनची भीती ज्याच्या विषयात आहे तो अल्बम खोलीत वाजवलेला, आणि ज्याला आपण जिव्हाळ्याचा समजतो तो स्टुडिओच्या कारागिरीने जोडलेला. कानाला उलटं वाटतं कारण 'डार्क साइड'चा वेग संथ आहे आणि संथपणाला आपण माणूसपण समजतो.

इथून पुढे मी ज्या एका जागी नेहमी थांबतो ती सांगतो. दोन्ही अल्बमच्या साधारण मध्यावर एक विचित्र आवाज येतो. 'डार्क साइड'मध्ये एलपीची पहिली बाजू संपताना 'द ग्रेट गिग इन द स्काय' आहे. बँडच्या कीबोर्डवादक रिक राइटची पियानोवरची स्वरसंगती, आणि तिच्यावर क्लेअर टोरी नावाची सेशन गायिका. तिला सांगण्यात आलं की शब्द नकोत. तिने गळा हेच वाद्य मानलं आणि थोड्याच टेकमध्ये काम संपवून ३० पाउंड घेऊन घरी गेली. पुढे २००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला, आणि तेव्हापासून त्या रचनेत तिचं नाव लागतं. (ऐनवेळी सुचेल तसं गायलं की रचना केली, हा वाद आपल्याकडच्या गायक-वादकांनी मुळातून समजून घेण्यासारखा आहे, पण तो परत कधीतरी.)

'ओके कॉम्प्युटर'मध्ये सातव्या क्रमांकावर 'फिटर हॅपिअर' येतं. दोन मिनिटांचंही नाही. गाणारं कोणी नाही. मॅकिंटॉशमध्येच असलेला 'फ्रेड' नावाचा आवाज नीटनेटक्या जगण्याची यादी वाचत जातो, मागे पियानो आणि खरखर. एका अल्बमच्या मध्यभागी शब्दांवाचून गळा, दुसऱ्याच्या मध्यभागी गळ्यावाचून शब्द. दोन्ही बँड एकाच ठिकाणी पोचलेत: नेहमीचा गायक नेहमीचे शब्द गाऊन जे सांगू शकत नाही ते इथे सांगायचंय. पिंक फ्लॉइडच्या वॉटर्स-गिलमोर-राइट मंडळींना वाटलं की मरणाच्या भीतीपुढे भाषा अपुरी आहे. रेडिओहेडला वाटलं की भाषा उदंड आहे, जाहिरातीतली, कार्यालयातली, सल्ले देणारी, फक्त ती बोलणारं माणूस गायब झालंय. मला या दोन ट्रॅकपेक्षा चांगली तुलना माहीत नाही, आणि ती करायला 'आधुनिक जगण्यातलं तुटलेपण' असली जाडजूड वाक्यं लागत नाहीत.

'डार्क साइड'मधली मधूनमधून येणारी बोलणी आठवतात? वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओत सापडेल त्याला विचारले आणि उत्तरं टेप केली. पॉल मॅकार्टनीचीही घेतली होती. ती गाळली, ॲबी रोडच्या दरवानाचं बोलणं मात्र ठेवलं, अगदी शेवटी ऐकू येतं ते त्याचंच. 'फिटर हॅपिअर' ऐकवल्यावर लगेच तो दरवान ऐकवा. तुमच्या सत्रात त्यानंतर वेगळं काही बोलावं लागणार नाही.

अशा जोड्या आणखी सापडतात. 'ऑन द रन'मागे राइटची विमानप्रवासाची धास्ती होती, आणि ते संपतं स्फोटाने. 'एअरबॅग' सुरू होतं ते अपघातातून वाचलेल्या माणसापासून. पहिल्यात यंत्र मारतं, दुसऱ्यात यंत्रच वाचवतं, आणि तरी दुसरा माणूस निश्चिंत नाही. तसंच 'अस अँड देम' आणि 'एक्झिट म्युझिक' दोन्ही सिनेमासाठी जन्मले. पहिल्याची चाल राइटने १९६९ मध्ये अँतोनियोनीच्या 'झाब्रिस्की पॉइंट'साठी पियानोवर बांधली, दिग्दर्शकाने ती नाकारली, ती पडून राहिली आणि चार वर्षांनी इथे आली. दुसरं १९९६ च्या 'रोमिओ + ज्युलिएट'च्या शेवटच्या श्रेयनामावलीसाठी लिहिलं आणि तिथे वापरलंही गेलं. दोन्ही अगदी दबक्या आवाजात सुरू होतात आणि एका टप्प्यावर छत उडवतात. ते छत कसं उडतं ते तोलून बघा. पिंक फ्लॉइड कोरस आणतात, सॅक्सोफोन आणतात, लाट आली तशी परत नेतात. रेडिओहेड फाटलेला, गुरगुरणारा बेस आत सोडतात आणि लाट अगदी शेवटीच ओसरू देतात.

शिवणीबद्दल थोडं. 'डार्क साइड' ध्वनिमुद्रित होण्याआधी मंचावर वाजला होता. जानेवारी १९७२ मध्ये पोर्ट्समथला, फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड बाजारात येण्याच्या वर्षभर आधी, आणि तोही सलग. म्हणून त्यात गाणी एकमेकांत वितळतात. खरी फट एकच, 'ग्रेट गिग' आणि 'मनी'च्या मध्ये, जिथे ऐकणाऱ्याला उठून तबकडी उलटावी लागे. ती फट रचनेचा भाग आहे: मरणाचा टाहो, मग शांतता, मग पैशांचा खणखणाट. सीडीवर आणि फोनवर ती जवळपास नाहीशी होते. सत्रात तिथे मुद्दाम अर्धा मिनिट थांबा.

रेडिओहेडनेही काही गाणी आधी लोकांसमोर तापवून घेतली होती. १९९६ मध्ये ॲलनिस मॉरिसेटच्या अमेरिकन दौऱ्यात 'पॅरानॉइड अँड्रॉइड' आजच्या सव्वासहा मिनिटांपेक्षा खूपच लांब वाजायचं. पण ती सुटी गाणी होती. त्यांचा अल्बम गाण्यांच्या क्रमाने बांधलाय, टेपच्या चिकटपट्टीने नाही. सीडीवर जागेची चिंता नव्हती, त्यामुळे तो ५३ मिनिटांचा झाला (एलपीवर बसवायला दोन तबकड्या लागल्या), आणि माझ्या मते त्याचा तोटाही झाला. 'इलेक्शनीअरिंग' काढलं तर कुणाचं काही बिघडणार नाही. 'डार्क साइड'ला ४३ मिनिटांची शिस्त एलपीने लावली. उलट 'एनी कलर यू लाइक' एकटं काढून ऐकवलं तर ते काहीच नाही, आणि 'लेट डाउन' कुठेही एकटं ऐकवा, उभं राहतं. आणखी एक माझं मत, भांडायचं तर भांडा: 'डार्क साइड'चे शब्द सरधोपट आहेत. आवाज त्यांना उचलून धरतो. यॉर्कचे शब्द तुटके असून कागदावर जास्त टिकतात.

काळाच्या संदर्भावर मी तुमचा वेळ घेणार नाही. एवढंच लक्षात असू द्या: 'ओके कॉम्प्युटर' ब्रिटनमध्ये जून १९९७ मध्ये आला, टोनी ब्लेअर निवडून आल्यानंतर काही आठवड्यांत, सगळा देश उत्साहात असताना. तो वातावरणाच्या विरुद्ध दिशेने वाजत होता. आणि गंमत म्हणजे वॉटर्स आणि यॉर्क दोघांनी हे शब्द वयाची तिशी गाठण्याआधीच लिहिले. फक्त पिंक फ्लॉइडचा तो आठवा स्टुडिओ अल्बम होता आणि रेडिओहेडचा तिसरा.

मग मित्राच्या वाक्याचं काय? 'रेडिओहेड म्हणजे नवा पिंक फ्लॉइड' हे मला पटत नाही, कारण ते साम्य ऐकून वंशावळ मांडतं. रेडिओहेडला प्रोग रॉकचा (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा) शिक्का आवडत नव्हता, आणि 'ओके कॉम्प्युटर'च्या वेळी त्यांच्या कानात माइल्स डेव्हिसचा 'बिचेस ब्रू', मोरिकोनेचं सिनेसंगीत, पेंडेरेत्स्कीची तंतुवाद्यं, कॅन हा जर्मन बँड असं बरंच काही होतं. दोन मुलांची हनुवटी सारखी म्हणून ती भावंडं ठरत नाहीत. तरीही मित्र पूर्ण चूक नाही: दोन्ही बँडनी एकच कोडं सोडवायला घेतलं, ते म्हणजे रॉकच्या गाण्यात माणसाच्या धास्तीला किती जागा देता येते. उत्तरं निरनिराळी आहेत आणि तुमच्या सत्रात ती निरनिराळीच ऐकू यायला हवीत.

रचना आणि आवाज वेगळे करून बघायचे असतील तर एक तिसरी वाट आहे. न्यूयॉर्कच्या ईझी स्टार ऑल-स्टार्स या रेगे (जमैकातल्या संथ ठेक्याचं संगीत) वाजवणाऱ्या मंडळीने दोन्ही अल्बम पूर्णच्या पूर्ण रेगेत केलेत, 'डब साइड ऑफ द मून' २००३ मध्ये आणि 'रेडिओड्रेड' २००६ मध्ये. तेच वादक, तोच ढंग, आवाजही एकाच घरातला, त्यामुळे काळाचा फरक आपोआप गळतो आणि चाली उघड्या पडतात. 'डार्क साइड' रेगेत आरामात बसतो. त्याच्या संथ ठेक्याला तसंही मोकळं अंगण हवं असतं. 'ओके कॉम्प्युटर'ला जास्त ओढाताण करावी लागते, कारण त्याच्या मात्रा मध्येच वळतात. हे ऐकून मुलांना पहिल्यांदा कळतं की 'दमदार' जे वाटत होतं त्यातलं बरंच ठेक्याच्या अस्थिरतेतून येतं, आवाजाच्या जोरातून नाही.

आता तुमच्या दीड तासाचं बघू. दोन्ही अल्बम पूर्ण वाजवले तर ९६ मिनिटं होतात, म्हणजे बोलायला उणे सहा मिनिटं. तेव्हा 'डार्क साइड'ची पहिली बाजू सलग लावा, साधारण १९ मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही. मग थांबा. पुढे 'एअरबॅग', आणि लगेच 'कर्मा पोलीस' व 'फिटर हॅपिअर' एकत्र, कारण पहिल्याच्या शेवटी गिटारवादक एड ओब्रायनने डिलेवर (प्रतिध्वनी फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर) जो गोंगाट उभा केलाय तो दुसऱ्याच्या दारापर्यंत नेतो. यावर चर्चा होऊ द्या. त्यानंतर 'अस अँड देम' आणि 'एक्झिट म्युझिक'. शेवटी 'ब्रेन डॅमेज', 'इक्लिप्स' आणि दरवान, मग 'द टुरिस्ट'. सगळं मिळून ५५ मिनिटांच्या आत बसतं. दरवानाला 'फिटर हॅपिअर'नंतर लगेच ऐकवायचं असेल तर 'इक्लिप्स'चा शेवटचा अर्धा मिनिट दोनदा वाजवा, त्यात काही बिघडत नाही.

श्रोत्यांमध्ये २००७ मध्ये मुंबईत वॉटर्सने अख्खा 'डार्क साइड' वाजवला तेव्हा मैदानात असलेले एखादे सर निघतील आणि 'लाइव्हची मजा वेगळीच' असं सुरू करतील. त्यांना बोलू द्या, पण पहिली बाजू संपल्यावर. आणि कोणी विचारलं की रेडिओहेडचा आपल्याशी काय संबंध, तर त्यांचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूडने इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी कलावंतांबरोबर जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात केलेला २०१५ चा 'जुनून' सांगा. त्याचा ध्वनिमुद्रक पुन्हा गॉडरिचच होता, आणि पुन्हा एकदा दगडी भिंतीच कामाला लावल्या होत्या.

फाइलींची पातळी मात्र घरूनच सारखी करून न्या. हॉलमध्ये ऐनवेळी मिक्सरवर बोट लागलं की प्रत्येकाला आपला आवडता अल्बम जरा वर हवा असतो.